‘कबर’ आणि ‘ग्रेव्ह’ एकाच मुळाचे नाहीत

इंग्रजी ‘ग्रेव्ह’ हा ‘कबर’चाच अपभ्रंश, असं अनेकदा सांगितलं जातं. ते चूक आहे.

‘कबर’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ धातू क़-ब-र, म्हणजे पुरणे. तो सेमिटिक कुळात, म्हणजे अरबी-हिब्रूच्या भाषाकुळात, सगळीकडे भेटतो: अक्कादी (प्राचीन मेसोपोटेमियातली भाषा) ‘क़ब्रू’, हिब्रू ‘केव्हेर’. स्वाहिलीने अरबीकडून ‘काबुरी’ उचलला. याच धातूला स्थळवाचक ‘म’ लागून ‘मकबरा’ होतो, औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्यातला. ‘कब्रस्तान’मधलं ‘स्तान’ मात्र फारसी.

‘ग्रेव्ह’ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डचच्या भाषागटातला आहे. जर्मन ‘ग्राब’, डच ‘ग्राफ’; मूळ अर्थ खणणे. रशियन ‘ग्रोब’ (शवपेटी) त्याच घरातला. व्यंजनांचा क्रम पाहा: तिथे ग-र-ब, इथे क़-ब-र. केवळ कानाला जवळ वाटणं हा पुरावा नव्हे. दोन भाषाकुळांत नियमित ध्वनिबदल दाखवता आला पाहिजे, आणि तो इथे दाखवता येत नाही.

अशीच गल्लत ‘कबीर’ आणि ‘अकबर’बद्दल होते. त्यांचा धातू क-ब-र, अर्थ मोठेपणा. अरबीत ‘काफ’ आणि ‘क़ाफ’ ही वेगळी अक्षरं आहेत. मराठी लेखनात नुक्ता (‘क़’खालचा टिंब) गळतो, दोन्हींचा ‘क’ होतो आणि संत कबीरांच्या नावाचा संबंध थडग्याशी जोडला जातो.