इक्वेटोरियल माउंट की प्लॅटफॉर्म? मोठ्या डॉबवाल्यांसाठी

डॉब म्हणजे डॉबसोनियन, हाताने ढकलायची साधी दुर्बीण. तिचा मिरर १२ इंचांच्या पुढे गेला की लोक विचारतात, "भाऊ, इक्वेटोरियल बनवायचंय, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे", आणि जरा खोलात गेलं की कळतं यांना माउंट (दुर्बीण धरणारा स्टँड) नकोय, प्लॅटफॉर्म हवाय.

काम दोघांचं एकच, ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती ताशी १५ अंशांनी फिरत राहायचं म्हणजे गुरू आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) पळत नाही. पण माउंट थेट ट्यूब धरतो, शोधणं पण त्याच्यावरच आणि ट्रॅकिंग पण, तेही कितीतरी तास. प्लॅटफॉर्म म्हणजे कलणारी फळी, ती अख्ख्या डॉबच्या खाली जाते. डॉब नेहमीसारखा हातानेच ढकलायचा, खालची मोटर तासभर ट्रॅक करते, मग फळी मागे आणून परत चालू. ही आयडिया पाँसे नावाच्या फ्रेंच माणसाची, १९७० च्या दशकातली.

खरी मेख आपल्या अक्षांशात आहे, कारण ध्रुवाकडचा अक्ष अक्षांशाइतकाच वर कलतो. जळगाव, धुळे साधारण २१ अंशांवर आणि नेटवरचे बहुतेक प्लॅन ४०-४५ अंशांचे. अक्ष डॉबच्या गुरुत्वमध्याजवळून गेला पाहिजे. तो मध्य समजा पिव्होटपेक्षा (फळी दक्षिणेला ज्या टेकूवर फिरते त्यापेक्षा) ६० सेंमी उंच आहे, तर ४५ अंशांवर दक्षिणेचा पिव्होट त्याच्या ६० सेंमी मागे येतो, आपल्याकडे मात्र दीड मीटरच्याही मागे! एवढी लांब फळी कोणी करत नाही, मग लोक पिव्होट पुढे सरकवतात, अक्ष खाली जातो, वजन वर राहतं आणि कलताना डॉब एका बाजूला ओढतो, फळी फिरवणारा मोटरचा रोलर घसरतो. म्हणून इथे पिव्होट सोडून द्या, उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे गोल सेक्टर (वर्तुळाच्या कडेचे तुकडे) कापून बेअरिंगवर ठेवा.

माउंटलाही हाच अक्षांश नडतो. फोर्क (ट्यूब धरणारा काट्यासारखा माउंट) २१ अंशांवर जवळजवळ आडवाच पडतो, सगळा भार एका टोकाला लटकतो. दोन्ही टोकांना आधार असलेला हॉर्सशू (घोड्याच्या नालासारख्या मोठ्या रिंगचा माउंट) बरा, तामिळनाडूतल्या कावलूरच्या २.३४ मीटरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीला तोच आहे. पण घरी त्याची मोठी रिंग गोल राखणं कठीण, वेल्डिंगच्या हीटने प्लेट वाकते आणि तेवढा जॉब साध्या लेथवर बसतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे, डॉब गाडीत टाकून तोरणमाळला न्यायचा असेल तर प्लॅटफॉर्मच करा. शेतात कायमचा ओटा बांधून रात्र रात्र फोटोग्राफी करायची असेल तरच हॉर्सशूच्या मागे लागा.