'खासदारकी गेली' म्हणजे नेमके काय गेले?

२०२३ साली 'खासदारकी गेली' हे दोन शब्द मथळ्यांत इतक्यांदा आले की त्यांचा अर्थच पातळ झाला. मार्चमध्ये वायनाडच्या खासदाराला सुरतच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी सदस्यत्व संपल्याची अधिसूचना निघाली. ८ डिसेंबरला कृष्णनगरच्या खासदाराला लोकसभेने आवाजी मतदानाने बाहेर काढले. त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झाले. तिन्हींवर एकाच सुरात वाद झाला. खरे तर या तीन गोष्टींचे कायदेशीर कूळ वेगळे आहे.

पहिली अपात्रता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व जाते. त्यासाठी सभागृहात ना चर्चा लागते ना ठराव. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली की सदस्यत्व परत येते, आणि वायनाडच्या बाबतीत ते ऑगस्टमध्ये आलेही. निलंबन ही सभागृहातल्या शिस्तीची बाब आहे. सदस्य काही काळ बाहेर बसतो, खासदार मात्र राहतो. हकालपट्टी या दोन्हींहून निराळी. तिच्यात सभागृहच तक्रारदार, सभागृहच चौकशी करणारे आणि शिक्षा देणारेही तेच. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने लक्षात घ्यावे असे हे, की राज्यघटनेत जागा रिकामी होण्याची कारणे जिथे दिली आहेत त्या १०१व्या अनुच्छेदात हकालपट्टीचा उल्लेखच नाही. तो अधिकार १०५व्या अनुच्छेदातल्या विशेषाधिकारांतून, म्हणजे सभागृहाच्या आणि सदस्यांच्या खास हक्कांतून, काढला गेला आणि ते विशेषाधिकार ब्रिटिश संसदेकडून आले.

हा अधिकार पहिल्यांदा वापरण्याची वेळ आली ती मुंबईच्या एका सदस्यामुळे. १९५१ साली हंगामी संसदेत त्यांच्यावर आरोप झाला की मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते प्रश्न विचारतात, वायदे व्यवहारांच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवतात आणि मंत्र्यांच्या भेटी घडवतात. सदस्य सत्ताधारी पक्षाचेच होते, तरी चौकशी समिती नेमण्याचा आणि पुढे हकालपट्टीचा ठराव खुद्द पंतप्रधानांनी मांडला. सप्टेंबरमध्ये चर्चा सुरू असताना त्या सदस्यांनी आपली बाजू मांडली आणि बोलणे संपवून राजीनामा पीठासीन अधिकाऱ्यांच्या हाती दिला. सभागृहाने तरीही ठराव सोडला नाही. हे सदस्य हकालपट्टीलाच पात्र होते आणि राजीनाम्याच्या भाषेने त्यांनी सभागृहाचा आणखी अवमान केला, असे नोंदवून ठेवले. आज आरोप झाला की 'राजीनामा दिला, विषय संपला' म्हणणाऱ्यांनी हा ठराव एकदा वाचावा.

१९७८ चे प्रकरण वेगळ्या जातीचे. चिकमगळूरमधून नोव्हेंबरमध्ये निवडून आलेल्या माजी पंतप्रधानांना लोकसभेने १९ डिसेंबरला बाहेर काढले आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगातही धाडले. कारण होते हक्कभंगाचे: एका प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती गोळा करणाऱ्या चार अधिकाऱ्यांना सत्तेवर असताना अडथळा आणल्याचे. दोन वर्षांत सत्ता पालटली आणि मे १९८१ मध्ये नव्या लोकसभेने तो ठरावच रद्द केला. एका लोकसभेला जे अक्षम्य वाटले ते पुढच्या लोकसभेला अन्याय वाटले, मधल्या काळात पुरावा मात्र एका ओळीनेही बदलला नव्हता.

या दोन टोकांच्या मध्ये २००५ चा निर्णय बसतो, आणि आजचा सगळा वाद त्याच्याच खांद्यावर उभा आहे.

१२ डिसेंबर २००५ रोजी एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. लघुउत्पादकांच्या एका बनावट संघटनेचे प्रतिनिधी बनून गेलेल्या पत्रकारांकडून अकरा खासदारांनी प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले होते. रकमा पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजारांपर्यंत. अकरापैकी दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचे. दोन जण आपल्या जळगाव जिल्ह्यातले, एक जळगावचे आणि एक एरंडोलचे. एरंडोलचे खासदार तर केंद्रात राज्यमंत्री राहिलेले. म्हणजे हे सगळे काही पहिल्यांदा दिल्लीत आलेले, नियम न कळणारे लोक नव्हते. लोकसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न दिवसाला फक्त वीस, अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, दोनशे तीस, आणि कोणाचा नंबर लागेल हे सोडतीने ठरते. मतदारसंघातल्या कापसाचा, केळीच्या विम्याचा, रेल्वे थांब्याचा प्रश्न जिथे महिनोन्महिने लागत नाही, तिथली जागा कोणीतरी पाकीट देऊन घेतो, हे चित्र खानदेशातल्या माणसाला दूरचित्रवाणीवर पाहताना काय वाटले असेल ते वेगळे सांगायला नको.

त्यानंतर अकरा दिवसांत सगळे आटोपले. राज्यसभेने प्रकरण आपल्या नीतिमत्ता समितीकडे दिले. ती समिती तिथे १९९७ पासून होती. लोकसभेकडेही २००० पासून नीतिमत्ता समिती होती, पण तिच्याकडे न जाता पाच जणांची खास समिती नेमली गेली. विशेषाधिकार समितीकडे प्रकरण सोपवा, ही मुख्य विरोधी पक्षाची मागणी मान्य झाली नाही, समितीतल्या त्यांच्या सदस्याने भिन्नमत नोंदवले आणि २३ डिसेंबरला ठरावाच्या वेळी पक्षाने सभात्याग केला. दहाही जण गेले. त्याच दिवशी राज्यसभेतले अकरावेही गेले.

तो निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. चित्रण समोर होते आणि कारवाई पक्ष न पाहता झाली. पण घाईची किंमत मोजावी लागली. हकालपट्टीचा अधिकार वापरला, आणि गैरवर्तन कशाला म्हणायचे, पुराव्याचा दर्जा कोणता, बचावाला किती वेळ द्यायचा हे लिहून ठेवायचे राहिले. राज्यसभेत निदान सदस्यांसाठी आचारसंहिता आहे, आणि संचालकपद, सल्लागारी, नियंत्रक भागभांडवल असे पाच प्रकारचे आर्थिक हितसंबंध नोंदवहीत द्यावे लागतात. लोकसभेची नीतिमत्ता समिती २०१५ साली नियमावलीत कायम झाली, मात्र त्या नियमांत 'अनैतिक वर्तन' या शब्दांची व्याख्या नाही.

बडतर्फ सदस्य सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जानेवारी २००७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने संसदेला हा अधिकार आहे असे ठरवले, आणि सभागृहाच्या कारवाईत घोर बेकायदेशीरपणा झाला तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते असेही सांगितले. वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे सरळ होते: जागा रिकामी होण्याची कारणे घटनेने दिली आहेत, त्यांत भर घालता येणार नाही. फौजदारी बाजू मात्र रखडली. आरोपनिश्चिती व्हायला २०१७ उजाडले.

लाच आणि सभागृहातले मत यांचा गुंता याहून जुना. २८ जुलै १९९३ रोजी अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला आणि सरकार वाचवण्यासाठी पैसे वाटले गेल्याचे पुढे आले. १९९८ साली न्यायालयाने तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला. त्याचा अर्थ असा निघाला की लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मत देणाऱ्याला संरक्षण, आणि लाच घेऊन मतदानालाच न आलेल्यावर खटला! हा निकाल जवळपास सव्वीस वर्षे टिकला. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो एकमताने रद्द केला आणि लाच घेतली त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो, असे सांगितले.

२०२३ च्या डिसेंबरात ही सगळी पुटे एकावर एक आली. कृष्णनगरच्या खासदारावर आरोप होता संसदेच्या प्रश्नांच्या पोर्टलचा पासवर्ड एका उद्योजकाला दिल्याचा आणि त्याच्याकडून भेटवस्तू घेतल्याचा. पासवर्ड दिल्याचे सदस्याने मान्य केले, पैसे घेतल्याचे नाकारले. इथे छुपे चित्रण नव्हते. लोकसभेच्या नीतिमत्ता समितीने अहवाल सहा विरुद्ध चार मतांनी स्वीकारला. तो सुमारे पाचशे पानी अहवाल दुपारी सभागृहात मांडला गेला आणि त्याच दिवशी ठराव झाला. वाचायला दोन-तीन दिवस द्या, ही विनंती मानली गेली नाही. सदस्याला बोलू द्या, या मागणीवर अध्यक्षांनी उत्तर दिले ते २००५ च्या पायंड्याचे: समितीपुढे संधी मिळाली होती, तेव्हाही सभागृहात मिळाली नव्हती. ज्यांनी २००५ मध्ये या घाईविरुद्ध सभात्याग केला होता, तोच पक्ष आता त्या पायंड्याचा आधार घेत होता. आणि तेव्हा ठराव आणणारे आता वेळ मागत होते. १९५१ मध्ये सदस्याला सभागृहात उभे राहून बोलता आले होते, हे मात्र कोणाच्याच बाकावरून पुरेशा जोराने सांगितले गेले नाही.

हकालपट्टीने पुन्हा निवडणूक लढवायला बंदी येत नाही. २००६ साली खासदार निधीच्या प्रकरणात राज्यसभेने काढलेले एक सदस्य २०१४ मध्ये लोकसभेत आले. जून २०२४ मध्ये कृष्णनगरने आपल्या खासदाराला पुन्हा निवडून दिले आणि सहा महिन्यांपूर्वी जिथून बाहेर पडावे लागले त्याच सभागृहात त्यांनी शपथ घेतली.