अन्नाची घरगुती मागणी (इंदूर व परिसर)

कुटुंब खाण्यापिण्याच्या कोणत्या वस्तू, किती आणि कुठून मिळवते, याला अन्नाची घरगुती मागणी म्हणतात. शहर आणि खेडे यांत ती वेगळी असते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार भारतातल्या खेड्यांत दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता आणि त्यातला ४६ टक्के अन्नावर. शहरांत ६,४५९ रुपये आणि ३९ टक्के. उत्पन्न वाढते तसा अन्नाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवले. वाटा घटला तरी रक्कम वाढतेच: खेड्यात सुमारे साडेसतराशे रुपये, शहरात अडीच हजार.

मात्र नुसत्या रुपयांवरून खेड्यातल्या ताटाचा अंदाज बांधू नये. इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर-देपालपूरकडच्या शेतकऱ्याचा गहू-हरभरा घरचा, दूध गोठ्यातले. सर्वेक्षणात हा माल शेतावरच्या भावाने धरतात. किराणा दुकानाचा भाव लावला तर आकडा चढेल. तेलाची गोष्ट उलटी आहे. ओसरीवर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी असते, ती सगळी मंडीत जाते आणि फोडणीला तेलाची पिशवी दुकानातून येते. पिकवणाऱ्याच्याच घरात ही वस्तू विकतची होते. शेतमजुराला तर बहुतेक सगळे विकत किंवा रेशनचे.

इंदुरात मागणीचा मोठा भाग घराबाहेर भागतो. सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण हा मसाला, सोबत जिलबी, रात्री सराफा बाजारातली खाऊगल्ली. माळव्यात भात फारसा पिकत नाही, तरी शहराची न्याहारी तांदळावर उभी आहे. त्याच २०२२-२३ च्या सर्वेक्षणात पेये आणि तयार पदार्थांवर शहरी भारताने एकूण खर्चाच्या १०.६ टक्के खर्च केले. ग्रामीण भारताने ९.६ टक्के. या बाबतीत खेडे फारसे मागे नाही, आणि बिस्किटाचे पुडे आता गावच्या टपरीवरही लटकलेले दिसतात.

शहर म्हणजे रोजची खरेदी, हा समज इंदूरच्या जुन्या घरांना लागू पडत नाही. रामबाग, सुदामानगरच्या मराठी घरांतही उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरण्याची रीत आहे. पोळ्यांना शरबती की लोकवन, हे ठरवायला मूठभर दाणे घेऊन एखादा दाताखाली फोडून पाहतात. मग गहू निवडायचा, उन्हे द्यायची, एरंडेलाचा हात लावायचा आणि कोठीत भरायचा. अशा घरात पुढे वर्षभर गव्हाची खरेदी शून्य दिसते, चक्कीवर डबा मात्र ठरल्या दिवशी जातोच.