अपडेटनंतर येणारी चक्कर

१८ सप्टेंबर २०१३ रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस ७ ही नवी कार्यप्रणाली (फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) आणली. आधीच्या आवृत्तीपेक्षा ती पार वेगळी दिसत होती. बटणांच्या उठावदार कडा गेल्या, अक्षरं बारीक झाली, रंग उजळ झाले. त्यावर वाद झाले, पण ते आवडीनिवडीचे. थोड्याच दिवसांत निराळ्या तक्रारी येऊ लागल्या: फोन हातात घेतला की गरगरतं, मळमळतं, डोकं दुखतं.

फोन जरा तिरका केला की आयकॉनच्या मागचा वॉलपेपर सरकायचा. फोनमधले संवेदक हाताची हालचाल टिपायचे आणि तिच्या हिशेबाने पडद्याला खोली असल्याचा भास तयार व्हायचा. ॲप उघडताना तर सगळं दृश्य झपकन मोठं होत अंगावर यायचं आणि बंद करताना तसंच मागे जायचं. दिवसभरात आपण ॲप किती वेळा उघडतो-मिटतो, हे लक्षात घेतलं की या त्रासाचा अंदाज येतो.

तोल सांभाळण्यासाठी मेंदू डोळे, स्नायू आणि आतला कान या तिघांकडून बातमी घेतो. प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की हा द्रव मागे रेंगाळतो आणि त्यातून वळण्याची जाणीव होते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण त्यांच्यामुळे कळतं. या बातम्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की मळमळ सुरू होते, असं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण सांगतं. घाटात एसटीत पुस्तक वाचताना कान सांगतो ‘आपण वळतोय’ आणि पानावर खिळलेले डोळे सांगतात ‘सगळं स्थिर आहे’. आयओएस ७ मध्ये हेच उलटं घडत होतं. डोळ्यांना पुढे झेपावल्याचा भास व्हायचा आणि कान मात्र सांगायचा की माणूस खुर्चीत बसलाय.

बहुतेकांचा मेंदू ही विसंगती पचवतो. मायग्रेन असलेल्यांना किंवा आतल्या कानाचा विकार असलेल्यांना ते जड जातं. म्हणून ‘सवय होईल’ हा सल्ला मला पटत नाही. ज्यांची तोल सांभाळणारी यंत्रणाच दुखावलेली आहे, त्यांच्याकडे सवयीची मागणी करण्यात काय अर्थ?

खरी अडचण डीफॉल्टची, म्हणजे आपण काही न बदलता जे आपोआप चालू असतं त्याची, होती. ‘रिड्यूस मोशन’ नावाचं, पडद्यावरची हालचाल कमी करणारं सेटिंग पहिल्या दिवसापासून होतं, पण ते ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे शारीरिक अडचणी असलेल्यांसाठीच्या सोयींच्या, यादीत आत दडलेलं. ते चालू केलं तरी वॉलपेपरचं सरकणं तेवढं थांबायचं, झूम तसंच राहायचं. आयओएस ६ कडे परत जाण्याची सोयही सामान्य वापरकर्त्याला नव्हती. २२ ऑक्टोबरला आलेल्या ७.०.३ आवृत्तीत हेच सेटिंग झूमलाही लागू झालं. एक दृश्य विरत जाऊन दुसरं उमटू लागलं. म्हणजे काही माणसांनी महिनाभर त्रास काढला, तोही अशा गोष्टीपायी जिच्यावाचून फोनचं एकही काम अडलं नसतं.

त्या तक्रारी वाया गेल्या नाहीत. २०१७ मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरने वापरकर्त्याने ‘रिड्यूस मोशन’ निवडलंय हे वेबसाइटांना कळवायला सुरुवात केली आणि बाकीचे ब्राउझरही पुढे त्या वाटेने गेले. वेबसाइट सर्वांना, अपंगांनाही, वापरता याव्यात म्हणून ठरवलेल्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वेब सुगम्यता निकषांत, वापरकर्त्याच्या कृतीमुळे सुरू होणारं अनावश्यक ॲनिमेशन बंद करता आलं पाहिजे, असं कलम आलं. ते सर्वांत कडक पातळीवर आहे, त्यामुळे बहुतेक साइट त्याला बांधील नसतात. ते खालच्या पातळीवर यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयओएस २६ ने पडद्याला काचेसारखी पारदर्शकता दिली. मागचं चित्र पुढच्या अक्षरांत मिसळून वाचायला त्रास होतो, अशा तक्रारी आल्या आणि नोव्हेंबरच्या २६.१ मध्ये काचेची पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय मिळाला. अपडेटनंतर गरगरत असेल, तर आयफोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मोशन या वाटेने ‘रिड्यूस मोशन’ चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ॲक्सेसिबिलिटीतच ॲनिमेशन काढून टाकण्याचं बटण असतं. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर हे आपणच तपासून द्यावं, कारण चक्कर फोनमुळे येत असेल हे त्यांच्या ध्यानात येईलच असं नाही.