रामन परिणाम गनमेटलमध्ये ओतताना

सी. व्ही. रामन यांच्या शोधाचं पदक धातूत ओतलं, की त्यावर कधीकधी ‘रामन’चं ‘रांमन’ झालेलं दिसतं. मूळ मॉडेलवर अक्षरं बरोबर असतात. मॉडेलवरून रबरी साचा, साच्यातून मेणाची प्रत, प्रतीभोवती प्लास्टर, मग मेण जाळून उरलेल्या पोकळीत धातू, असा क्रम असतो. प्लास्टर भरताना मेणाच्या प्रतीला चिकटून राहिलेला हवेचा बुडबुडा पुढे धातूने भरतो आणि नेमका ‘रा’च्या डोक्यावर बारीक मणी उभा राहतो. देवनागरीत एवढा मणी पुरतो.

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी ठाण्यात पदक करायचं असेल, तर दिवाळीनंतर लगेच प्लास्टरला हात घालावा. पावसाळ्यात खाडीवरची दमट हवा प्लास्टरचं मॉडेल लवकर सुकू देत नाही आणि ओलसर प्लास्टरवर अक्षरांच्या कडा कोरताना भुगा होतो.

आधी विषय नीट ठरवावा. पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते, हा रामन परिणाम. त्याचा शोध 1928चा, नोबेल 1930चं. शोधाच्या पदकावर 1928च हवं, आणि प्रयोगात बरोबरीने राबलेल्या के. एस. कृष्णन यांचं नावही हवं. मागच्या बाजूला वर्णपट काढताना बहुतेक जण मधली, मूळ प्रकाशाची ठळक रेष आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या रेषा काढतात. तसं नसतं. बेन्झीनवर पाऱ्याच्या दिव्याचा 435.8 नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला, तर बेन्झीनच्या रेणूच्या सर्वांत ठळक कंपनामुळे एक रेष 455.5ला आणि दुसरी 417.8ला उमटते. दुसरी रेष उमटायला रेणू आधीच कंपन करत असावा लागतो. नेहमीच्या तापमानाला असे रेणू फार थोडे, म्हणून ती पहिलीपेक्षा सुमारे ऐंशीपट मंद असते. या प्रमाणात उंची दिली तर धातूत ती दिसणारच नाही. म्हणून मधली रेष 0.8, लांब तरंगलांबीकडची 0.5 आणि दुसरी 0.2 मिलिमीटर उठाव द्यावा. प्रमाण सोडलं तरी चालेल, क्रम सोडू नये.

मेण आणि धातू दोन्ही आकसतात, मिळून साधारण अडीच टक्के. पदक 70 मिलिमीटरचं हवं असेल तर मॉडेल 72चं करावं. अक्षरांच्या बाजू थोड्या उतरत्या ठेवाव्यात, नाहीतर मेण रबरी साच्यातून निघताना काना तुटतो.

धातूचं नाव सांगताना काळजी घ्यावी. ‘कांस्यपदक’ म्हणून काशाचा धातू मागितला, तर भांड्याचं कासं मिळेल. त्यात कथील 22 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते ठिसूळ होतं. फाउंड्रीत ‘गनमेटल’ म्हणावं : 88 भाग तांबं, 10 कथील, 2 जस्त. मेणाची प्रत आणि रनर (धातू आत जायला वाट ठेवणारी मेणाची कांडी) एकत्र तोलून साडेनऊपट धातू घ्यावा, रनरच्या तोंडाशी उरणाऱ्या गोळ्यासाठी, म्हणजे बटणासाठी, आणखी थोडा.

बुडबुडे चिकटू नयेत म्हणून मेणावर साबणाचं पातळ पाणी ब्रशने लावून ते पूर्ण वाळू द्यावं. थर जाड राहिला तर पृष्ठभाग खरखरीत येतो. इन्व्हेस्टमेंट पावडर (मेणाभोवती भरायचं जिप्समचं प्लास्टर) 100 भाग, पाणी 40. पाण्यात पावडर घालायची, उलट नाही. कालवणं, व्हॅक्यूमखाली हवा काढणं आणि फ्लास्क (मेणाभोवतीचं धातूचं नळकांडं) भरणं नऊ मिनिटांत उरकावं. पावडरीत सिलिका असते, तोंडाला मास्क हवाच.

मेण जाळताना घाई अंगाशी येते. 150 अंशांवर दोन तास, 370वर दोन, मग 730वर तीन-चार तास. 750च्या पुढे गेलं की जिप्सम फुटून गंधकाचा वायू सुटतो आणि पदकभर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. नंतर फ्लास्क 500पर्यंत उतरवावा. मुशीतला धातू 1,100च्या आसपास असावा. पांढरा धूर निघू लागला तर जस्त उडतंय. ओतण्याआधी चिमूटभर फॉस्फर कॉपर (फॉस्फरस मिसळलेलं तांबं) टाकलं की विरघळलेला प्राणवायू निघून जातो.

रनर 8 मिलिमीटर जाडीचा आणि कडेलाच जोडावा. तो पदकापेक्षा आधी थिजला, तर आकसणाऱ्या धातूला भर मिळत नाही आणि त्याच्या मुळाशी स्पंजासारखा पोकळ भाग राहतो. दहा-पंधरा मिनिटांनी फ्लास्क पाण्यात बुडवला की प्लास्टर सुटतं. मग भिंगाखाली आधी शिरोरेषेच्या वरचा भाग तपासावा, आणि जास्तीचा मणी दिसला तर टोकदार छिन्नीने काढून मगच काळपट रंग चढवावा.