मार्चअखेर व्हेरियन्सची विभागणी : कोणाला लागू, कशी करायची, कागदपत्रं कोणती

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीतले बरेच कारखाने वर्षभर स्टॉक स्टँडर्ड कॉस्टवर, म्हणजे आधीच ठरवलेल्या खर्चावर धरतात. ३१ मार्चला व्हेरियन्सच्या, म्हणजे ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातल्या फरकाच्या खात्यांत रक्कम उरते आणि ती सरळ नफा-तोट्यात टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. रक्कम किरकोळ असेल तर चालून जातं. मोठी असेल तर नाही, ती स्टॉक आणि विकलेला माल यांत वाटावी लागते, कारण एएस-२ आणि इंड एएस-२ ही स्टॉकच्या मूल्यांकनाची दोन्ही लेखामानकं स्टँडर्ड कॉस्टला परवानगी देतात ती ‘प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास’ या अटीवरच.

कोणाला लागू? स्टॉक स्टँडर्डवर धरणाऱ्या प्रत्येकाला. यासाठी कुठे अर्ज करायचा नसतो. काम ऑडिटरसमोर टिकलं पाहिजे, एवढंच. कंपनी २०१४ च्या कॉस्ट रेकॉर्ड आणि ऑडिट नियमांच्या यादीतल्या उद्योगात असेल आणि आदल्या वर्षाची उलाढाल ३५ कोटी किंवा जास्त असेल, तर सीआरए-१ या नमुन्याप्रमाणे कॉस्ट रेकॉर्डही (खर्चाच्या नोंदी) ठेवावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना यातून सूट आहे.

आता मुख्य काम. आधी व्हेरियन्स चाळून घ्या. संप, मशीन बंद पडणं, नेहमीपेक्षा जास्त वाया गेलेला माल, कमी उत्पादनामुळे न भरून निघालेला स्थिर खर्च, हे सगळं थेट नफा-तोट्यात. त्यातला एक रुपयाही स्टॉकवर चढवायचा नाही. उलट, उत्पादन नेहमीपेक्षा फारच जास्त झालं असेल तर प्रत्येक नगामागे धरलेला स्थिर खर्च कमी करावा लागतो, नाहीतर स्टॉक खर्चापेक्षा वर दिसतो. ही दुसरी बाजू बहुतेक जण विसरतात.

उरलेला नेहमीचा व्हेरियन्स वाटायचा. समजा, पत्र्याच्या खरेदी दरातला ६ लाखांचा प्रतिकूल व्हेरियन्स आहे, म्हणजे ठरवल्यापेक्षा तेवढा जास्त खर्च झाला. वर्षभरात घेतलेल्या पत्र्यापैकी २० टक्के गोदामात, १० टक्के अर्धवट मालात, २० टक्के तयार मालात आणि ५० टक्के विकलेल्या मालात आहे. म्हणजे १.२०, ०.६०, १.२० आणि ३ लाख. हे प्रमाण पत्र्याच्या रकमेवर काढायचं, तयार मालाच्या एकूण रकमेवर नव्हे. तिच्यात मजुरीही असते. मजुरीचा किंवा माल वापराचा व्हेरियन्स मात्र गोदामातल्या कच्च्या मालाला लागत नाही.

ऑडिटर मागतात ते कागद: स्टँडर्ड कॉस्ट शीट आणि बीओएम (एका नगाला लागणाऱ्या मालाची यादी), व्हेरियन्स खात्यांचे उतारे, ३१ मार्चची स्टॉक मोजणीची पत्रकं, खरेदी बिलं, इश्यू स्लिपा (गोदामातून माल दिल्याच्या चिठ्ठ्या), मजुरी पत्रक आणि सर्वसाधारण उत्पादन क्षमतेचा हिशेब. हा शेवटचा कागद आयत्या वेळी तयार करू नका. मागच्या काही वर्षांच्या सरासरीशिवाय तो टिकत नाही. विभागणीचा तक्ता आणि मंजुरीची सही जेव्हीलाच (या नोंदीच्या जर्नल व्हाउचरलाच) जोडा.

जेव्ही झाल्यावर स्टॉकच्या नव्या खर्चाची तुलना निव्वळ विक्रीयोग्य किमतीशी (विक्रीची किंमत वजा माल पूर्ण करण्याचा आणि विकण्याचा खर्च) करा. दोन्हींत कमी असेल तीच ताळेबंदात. स्टॉकवर चढवलेली रक्कम पुढच्या वर्षी तो माल विकला जाईल तशी खर्चात उतरवायची, म्हणून एप्रिलमध्येच तिचं वेगळं खातं उघडून ठेवा.