आधी जागा, मग अळंबे

श्रावण जवळ आला की गोव्यातल्या बाजारांत आणि फोंडा-मोले रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेली रानची अळंबी दिसू लागतात. ती किलोवर नव्हे, नगावर विकली जातात, आणि भाव ऐकून पाहुणा दोन पावले मागे सरतो. याच दिवसांत सत्तरी, सांगे, काणकोणच्या धबधब्यांकडे पावसाळी भटकंतीला जाणाऱ्यांची रीघ लागलेली असते. वाटेत कुणाला तरी पांढऱ्या छत्र्यांचा ताटवा दिसतो, फोटो निघतो आणि प्रश्न येतो, खायचे का हे?

असाच एक फोटो घेऊन मी एकदा अळंबी विकायला बसलेल्या एका आजीकडे गेलो होतो. तिने फोनकडे पाहिलेही नाही. "खंय मेळ्ळें तुका?" कुठे मिळाले तुला, एवढेच विचारले. झाडाखाली होते की उघड्या माळावर, वारुळाजवळ होते की कुजक्या ओंडक्यावर, मला काहीच धड सांगता आले नाही. तिने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत अळंब्यांची वर्गवारी केलेली आहे, ती रंगावरून किंवा आकारावरून नव्हे. पेंढ्यावर उगवणारी, उसावर उगवणारी, शेणावर, बांबूवर आणि मातीत उगवणारी, असे ते प्रकार. उगवण्याची जागा हीच ओळख. मनुस्मृतीने तर द्विजांना छत्राक सरसकट वर्ज्यच केले. गोव्याच्या स्वयंपाकघरांनी मात्र तो निषेध फारसा मनावर घेतला नाही. अळंब्यांची शागोती आजही पावसाळ्यातले मोठे कौतुक असते. ढग गडगडले की अळंबी फुटतात, ही समजूतही तितकीच जुनी. मेघदूतातल्या मेघाची गर्जना ऐकून भूमी शिलींध्रांनी फुलते, ती शिलींध्रे म्हणजे हीच.

गोव्यात ही जागा म्हणजे रोयण, वाळवीचे वारूळ. सातेरीच्या कित्येक देवळांत रोयणच देवी म्हणून पुजली जाते. जिथे देवी मानली तिथे कुदळ चालत नाही, आणि जिथे कुदळ चालत नाही तिथे वारुळाखालचे जग अभंग राहते. देवराया आणि रोयणी राखणाऱ्यांच्या मनात बुरशीचे शास्त्र असेल असे मी म्हणत नाही, पण त्या श्रद्धेने जे राखले ते नेमके हेच होते.

वारूळ आणि अळंबे यांचे नाते छापील शास्त्रात यायला बराच काळ लागला. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या डॅनिश वसाहतीत, तरंगमबाडीला, योहान कोनिग हा लिनियसचा शिष्य राहत होता. वाळवीच्या घरट्यात बुरशी असते, हे त्याने १७७९ मध्ये लिहिले. १९०६ मध्ये श्रीलंकेतल्या पेरादेनिया इथे टॉम पेच याने वाळवीच्या घरट्यांतल्या बुरशीचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. आणि १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हेम याने या अळंब्यांना स्वतंत्र वंश म्हणून नाव दिले, टर्मिटोमायसिस. वाळवीची बुरशी, असाच त्याचा अर्थ. रोयणीवरून अळंबी खुडणाऱ्या बायकांना हा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. त्यांनी नावच 'रोयणीचीं अळमीं' ठेवले होते. शितासारखी बारीक आणि थव्याने उगवणारी ती 'शितां'ची, हेही नाव त्यांचेच. गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे नंदकुमार कामत यांनी पुढे याच अळंब्यांवर संशोधन केले आणि ती ओरबाडू नका, असे वर्षानुवर्षे लिहिले.

आत नेमके काय चालते? वाळवीला लाकडातले कठीण घटक स्वतःच्या बळावर पुरते पचत नाहीत. म्हणून ती कामकरी वाळव्यांनी आणलेल्या पालापाचोळ्याची पोळी रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि खाते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची आहे आणि तिची सुरुवात आफ्रिकेत झाली. पाऊस मुरला की बुरशी त्या पोळीतून लांब मुळासारखा देठ वर पाठवते. छत्रीच्या मधोमध असलेले टणक टोक माती भेदते. म्हणून रोयणीच्या अळंब्याला डोक्यावर टोक असते आणि खाली खोलवर गेलेले शेपूट असते. वाळवीशिवाय ते पिकवता येत नाही, त्यामुळे बाजारातले रोयणीचे प्रत्येक अळंबे रानातूनच येते.

फोटोत नेमके हे शेपूटच नसते. आणि घात तिथेच होतो. अमॅनिटा वंशातल्या जीवघेण्या अळंब्यांची मुख्य खूण म्हणजे देठाच्या बुडाशी असलेली पिशवी. ती मातीत दडलेली असते. देठ वरच्यावर मोडला की खूण जमिनीतच राहते. दुसरे फसवे अळंबे म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. गवतात उगवते, कोवळेपणी दिसायला अगदी भाजीचे, पल्ले, म्हणजे छत्रीखालच्या पातळ पट्ट्या, पांढरेशुभ्र. पिकल्यावर तेच पल्ले हिरवट होतात. कागदावर छत्री रात्रभर उपडी ठेवली तर याच्या बीजाणूंचा ठसा हिरवा उमटतो, रोयणीच्या अळंब्याचा फिका गुलाबी. पण ठशाचा रंग जुळला म्हणून अळंबे खाण्याजोगे ठरत नाही.

क्लोरोफायलमने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. अमॅनिटाचे विष अधिक दगाबाज आहे. सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग पोट बिघडते, मग बरे वाटू लागते आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागते. शिजवल्याने हे विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किड्यांनी खाल्लेले ते माणसालाही चालते, या तिन्ही परीक्षा खोट्या आहेत. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या आपल्या घरांत अजून विश्वासाने सांगितल्या जातात. शंका आली तर बरे वाटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेले अळंबे, शिजवलेले का होईना, सोबत न्यावे.

भटकंतीच्या वाटा बहुतेक अभयारण्यांतून जातात. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये १९९९ मध्ये जाहीर झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीविना काहीही उचलता येत नाही, अळंबेसुद्धा. गावकरी आणि वनखाते यांच्यातल्या ताणाचे हेही एक कारण आहे, आणि तो ताण मला साधा वाटत नाही. ज्यांच्या पणज्यांनी रोयणी राखल्या त्यांना आज चोरासारखे जावे लागते.

मात्र मागणी वाढली तशी तोडही बदलली. मिटलेल्या कळ्यांना भाव चांगला, म्हणून छत्री उघडायच्या आतच सगळे खुडले जाते. छत्री उघडली नाही तर बीजाणू बाहेर पडत नाहीत, आणि पहिल्या पावसात उडालेल्या वाळवीने नवे घर बांधले तरी तिच्या कामकऱ्यांना पेरायला बी मिळत नाही. त्या आजीच्या टोपलीत बहुतेक कळ्याच होत्या. उघडलेली का नाहीत, असे विचारल्यावर ती म्हणाली की दोन-तीन मोठी ती मुद्दाम रोयणीवर सोडून येते. कुठल्या रोयणीवर, ते अर्थातच तिने सांगितले नाही.